सुटणारा जोड : सम्प पंपाच्या डिलिव्हरी लाइनविषयी

अकलोलीत पाणी तिन्ही अंगांनी येते. वरून पाऊस, बाजूने तानसा नदी आणि खालून गरम पाण्याचे झरे. भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागात, वज्रेश्वरी आणि गणेशपुरीच्या शेजारी वसलेले हे गाव कुंडांसाठी ओळखले जाते. सुट्टीच्या दिवशी मुंबई, ठाणे, वसई-विरारकडून माणसे येतात, कुंडात उतरतात, देवीचे दर्शन घेतात, एखादी रात्र मुक्काम करतात. या वर्दळीवर आसपास लॉज, खाणावळी, भक्तनिवास आणि फार्महाऊस उभी राहिली. बहुतेकांच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, सांडपाण्याचा एखादा खड्डा असतो, आणि जिथे जागा नदीकडे उतरती आहे तिथे पावसाचे पाणी गोळा करून बाहेर फेकणारा सम्पही असतो.

इथली जमीनही अशा खड्ड्यांना अनुकूल नाही. वर माती, खाली मुरूम, त्याखाली सह्याद्रीचा काळा पाषाण. पावसाचे पाणी मुरमातून झिरपत खडकापर्यंत जाते, तिथे अडते आणि खडकाच्या पाठीवरून आडवे सरकत राहते. त्या वाटेत कोणी खड्डा खणला की ते पाणी खड्ड्यात उतरते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी सम्प भरतच राहतो, आणि पंप मात्र आधीच्या मुसळधारेने दमलेला असतो. तो बंद पडायचा असेल तर याच दिवसांत पडतो. तेव्हा तो बाहेर काढावा लागतो, आणि तो बाहेर कसा निघतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

या पुस्तिकेचा विषय पंपाच्या तोंडापासून सुरू होतो आणि पाणी आवाराबाहेर पडते तिथे संपतो. मधल्या आठ-दहा मीटरमध्ये पाइप, बेंड, एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह), व्हॉल्व्ह, युनियन अशी फार तर डझनभर फिटिंग येतात. पंप घेताना मालक दहा ठिकाणी चौकशी करतो, हॉर्सपॉवर विचारतो, कंपनी विचारतो, गॅरंटी विचारतो. फिटिंग मात्र प्लंबर दुकानात जाऊन जे मिळेल ते आणतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळे सोल्युशनने चिकटवून मोकळा होतो. लाइन चालते. पाणी जाते. कोणाची तक्रार नसते. तक्रार सुरू होते ती पंप पहिल्यांदा काढायची वेळ आल्यावर, कारण तो काढायचा तर करवतीने पाइप कापण्याखेरीज मार्ग उरलेला नसतो.

कापलेला पाइप पुन्हा जोडायचा तर कपलर लागतो आणि कोरडी जागा लागते. सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे ज्याला सगळे सोल्युशन म्हणतात ते, पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करते. पाइपच्या तोंडावर पाण्याचा पातळ थर असला की ते नीट धरत नाही, आणि धरले तरी लगेच दाब दिला तर जोड सुटतो. भर पावसात, खड्ड्याच्या काठावर, वरून ठिबकणाऱ्या पाण्यात ओल्या फडक्याने पाइप पुसून केलेला जोड पुढच्याच आठवड्यात गळू लागतो. शिवाय दर खेपेला पाइप दोन-तीन इंचांनी आखूड होतो. काही वर्षांनी अशा लाइनवर एकापुढे एक इतके कपलर दिसतात, की मूळ पाइप कुठला आणि जोड कुठला हे ओळखू येत नाही. हे सगळे टाळायला सुरुवातीलाच एक युनियन लागली असती.

युनियन जवळून पाहिली की तिचे मोल कळते. पीव्हीसीच्या युनियनला तीन भाग असतात. एक शेपूट खालच्या पाइपला चिकटते, दुसरे वरच्या पाइपला, आणि त्यांच्यावर एक मोठा आटे असलेला नट बसतो. दोन शेपटांच्या सपाट तोंडांमध्ये खाचेत बसवलेली काळी रबर रिंग असते, आणि पाणी अडवायचे सगळे काम ती रिंगच करते. नट फक्त दोन तोंडे एकमेकांवर दाबून धरतो. म्हणूनच नट हाताने घट्ट केला तरी पुरतो. पाइप पान्याने करकचून आवळला तर रिंग चेपते, कधी नटच चिरतो. सुटताना नट दोन-तीन फेऱ्यांत मोकळा होतो, वरचा पाइप जागच्या जागी राहतो आणि खालचा भाग पंपासकट सरळ वर उचलता येतो. आट्यांत गाळ बसू नये म्हणून वर्षातून एकदा नट सोडून, धुऊन, रिंगला थोडे सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवायचा. काम पाच-सात मिनिटांचे.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची युनियन वेगळी. तिच्यात रबर नसते, धातूची दोन तिरकी तोंडे एकमेकांवर बसतात. नवी असताना ती उत्तम धरते. पण ओल्या खड्ड्यात दोन पावसाळे गेले की गंजाने नट आणि शेपूट एक होऊन जातात, आणि मग दोन पाइप पाने, रॉकेल आणि दोन माणसांचा जोर लावूनही हलत नाहीत. लोखंडी पाइपची सवय असलेले जुने कारागीर सूत आणि सफेदा लावून तीच बसवतात. कामात ते पक्के आहेत, पण सम्पच्या आत गंजणारी युनियन बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. जिथे जीआय वापरणे भागच आहे तिथे फ्लँज घ्यावा. दोन चकत्या, मध्ये रबराचे गॅस्केट, चार बोल्ट, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. बोल्ट गंजला तर फ्लँजही जीआय युनियनइतकाच निरुपयोगी ठरतो.

युनियन कुठे बसवायची हा प्रश्न, ती बसवायची की नाही यापेक्षा महत्त्वाचा आहे. माझे उत्तर एकच आहे: खड्ड्याच्या झाकणाच्या वर, उभ्या माणसाच्या हाताला येईल तिथे. ती खाली पंपाजवळ बसवली तर ती सोडायला कोणाला तरी खड्ड्यात उतरावे लागते. स्वच्छ पाण्याच्या टाकीत हे एक वेळ चालेल. लॉजच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात हे कधीही चालणार नाही.

याबद्दल प्रस्तावनेत चार ओळी जास्त लिहिणे मला आवश्यक वाटते. सांडपाणी साचून कुजले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतात. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते आणि तो खाली उतरतो. महाराष्ट्रात आणि देशभर सेप्टिक टाक्यांत असेच बळी गेले आहेत, आणि अनेकदा पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्यातच गेला आहे. संसदेने 2013 मध्ये हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा नवा कायदा केला, त्यात गटारे आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाईही आली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी वारसांना 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख रुपये केली. कायदा, भरपाई हे सगळे हवेच. पण ज्या खड्ड्यात उतरायचे कारणच उरलेले नाही त्या खड्ड्यात कोणी मरत नाही, आणि ते कारण काढून टाकणे प्लंबरच्या हातात आहे. झाकणावरची युनियन आणि पंपाला बांधलेली गंज न धरणारी साखळी, एवढ्याने ते काम होते.

मोठ्या मलजल केंद्रांत हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने केलेली असते. खड्ड्याच्या तळाशी एक बेंड कायमचा बोल्ट केलेला असतो, त्याच्यापासून वरपर्यंत दोन उभे पाइप रुळांसारखे लावलेले असतात. पंप साखळीने त्या रुळांवरून खाली सोडला की आपल्या वजनाने त्या बेंडवर येऊन बसतो आणि तिथेच जोड होतो. बोल्ट नाही, पाना नाही. वर ओढला की सुटतो. याला ऑटो कपलिंग म्हणतात. लहान लॉजला तो खर्च परवडत नाही, पण त्यामागचा विचार परवडतो: जोड वरून सुटला पाहिजे.

आता पाइपच्या मापांविषयी, कारण दुकानात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. आपल्याकडे पीव्हीसीचे दोन संसार शेजारी-शेजारी नांदतात. शेतीच्या आणि पाणीपुरवठ्याच्या पाइपांना आयएस 4985 हे मानक लागू होते. त्यांचे माप बाहेरच्या व्यासावरून मिलिमीटरमध्ये सांगतात: 40, 50, 63, 75. इमारतीच्या प्लंबिंगमधला शेड्यूल 40 किंवा शेड्यूल 80 चा यूपीव्हीसी पाइप मात्र अमेरिकी मापाचा असतो आणि इंचांत विकला जातो. शेतीचा 63 मिमीचा पाइप सर्रास दोन इंची म्हणून मागितला जातो. शेड्यूलचा दोन इंची पाइप बाहेरून 60.3 मिमी असतो. फरक अडीच-तीन मिलिमीटरचाच, पण एकाचा सॉकेट दुसऱ्याला बसत नाही. सैल बसलेल्या सॉकेटमध्ये सोल्युशन भरपूर ओतून जोड केला जातो, तो दिसायला पक्का असतो आणि पहिल्या धक्क्याला निखळतो. त्यामुळे पाइप कुठल्या घराण्याचा आहे हे आधी ठरवावे, आणि युनियन, एनआरव्ही, बेंड, व्हॉल्व्ह सगळे त्याच घराण्याचे घ्यावे. दोन घराणी जोडायचीच असतील तर जोड आट्यांवर करावा. आटे दोन्हीकडे बहुधा एकाच पद्धतीचे मिळतात आणि ते सुटतातही.

आट्यांचाही एक नियम आहे. प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या आतल्या आट्यांत बसवावेत. उलट केले, म्हणजे धातूचा निपल प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत आवळला, तर प्लास्टिकला आतून ताण येतो आणि ते बरोबर शिवणीवर चिरते, पुष्कळदा बसवल्यानंतर महिन्याभराने. बहुतेक सम्प पंपांचे तोंड बिडाचे आणि आतल्या आट्यांचे असते, त्यामुळे तिथे पीव्हीसीचा मेल अडॅप्टर निर्धास्त लावावा. जिथे नाइलाजाने उलटे करावे लागते तिथे पितळी आटे बसवलेला अडॅप्टर घ्यावा. त्याला चार पैसे जास्त पडतात, पण वाया जात नाहीत. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे बसवताना नट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने गुंडाळावा. उलटा गुंडाळला की बसवतानाच तो गोळा होऊन बाहेर येतो.

व्यास किती घ्यावा? पंपाच्या तोंडापेक्षा लहान कधीही नको, ही पहिली अट. मिनिटाला 200 लिटर पाणी देणारा पंप घ्या. 63 मिमी पाइपात त्या पाण्याचा वेग सेकंदाला साधारण सव्वा मीटर राहतो, 50 मिमीमध्ये दोन मीटर, आणि 40 मिमीमध्ये तीन मीटरच्या वर जातो. 50 ऐवजी 40 घेतला की तेवढ्याच पाण्याला पाइपमधले घर्षण जवळजवळ तिप्पट होते. पंप तेच आवाज करतो, तीच वीज खातो, पाणी मात्र कमी फेकतो. उलट बाजूला, फार मोठा पाइप घेतला तर पाण्याचा वेग इतका मंदावतो की गाळ पाण्याबरोबर न जाता पाइपातच बसतो. आडव्या लाइनमध्ये सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली वेग जाऊ देऊ नये, असे सामान्यतः मानतात. तानसेच्या काठावरच्या पावसाळी पाण्यात बारीक रेती आणि माती असतेच, म्हणून हा आकडा इथे विसरून चालत नाही.

बेंडच्या बाबतीत दुकानदार काटकोनी एल्बो देतो, कारण तो स्वस्त आणि हाताशी असतो. शक्य तिथे मोठ्या त्रिज्येचा बेंड किंवा 45 अंशांचे दोन एल्बो घ्यावेत. पाणी सहज वळते, आणि केस, चिंधी, पाने त्या वळणावर अडकत नाहीत. उभा पाइप जिथे आडवा होतो त्या जागी बेंडऐवजी टी लावून तिच्या वरच्या तोंडाला आट्यांचे झाकण बसवले, तर तुंबलेली लाइन कापल्याशिवाय वरून सळई घालून साफ करता येते. यात पाण्याला थोडा अडथळा होतो हे खरे. गढूळ आणि मैल्याच्या पाण्याला मी तो अडथळा पत्करतो, स्वच्छ पाण्याला पत्करत नाही.

एनआरव्ही हा या सगळ्या लाइनचा कणा. तो नसेल तर पंप बंद होताच पाइपमधले पाणी उलटे खड्ड्यात येते. 63 मिमीच्या पाइपात दर मीटरला साधारण 2.7 लिटर पाणी मावते. चढत गेलेली 20 मीटर लाइन असेल तर 50 लिटरहून जास्त पाणी परत येते, फ्लोट स्विच वर उचलला जातो, पंप पुन्हा सुरू होतो, तेच पाणी पुन्हा ढकलतो आणि पुन्हा बंद पडतो. रात्रभर हा खेळ चालला की सकाळी मोटर जळालेली असते आणि दोष पंपाला दिला जातो. लहान खड्ड्यात हे हमखास घडते.

दुकानात एनआरव्ही मागितला की बहुधा पितळेचा, आत स्प्रिंग असलेला उभा व्हॉल्व्ह हातात येतो. गच्चीवरच्या टाकीच्या लाइनला तो ठीक आहे. सम्पमध्ये त्याच्या दांडीभोवती केस आणि धागे गुंडाळले जातात आणि तो अर्धवट उघडा राहतो. गढूळ पाण्याला झडपेचा किंवा गोळ्याचा एनआरव्ही घ्यावा. झडपेच्या एनआरव्हीत एक पाकळी बिजागरीवर वर उचलली जाते, सगळे पाणी मोकळे जाते आणि पंप थांबताच ती आपल्या वजनाने खाली बसते. गोळ्याच्या एनआरव्हीत रबर चढवलेला जड गोळा पाण्याने बाजूच्या खोबणीत ढकलला जातो आणि नंतर घरंगळत परत तोंडावर येतो. मैल्याच्या पाण्याला गोळ्याचा उत्तम, कारण गोळा दर वेळी फिरतो आणि त्याच्यावर घाण एका जागी चिकटून राहत नाही. दोन्ही प्रकार उभ्या पाइपात, पाणी खालून वर जाताना बसवता येतात. अंगावर बाण कोरलेला असतो, तो वर पाहिजे. बाण उलटा लागल्यामुळे नवा पंप सदोष म्हणून दुकानात परत नेल्याचे प्रकार या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहेत.

क्रम असा असावा. पंपाच्या तोंडावर अडॅप्टर, तिथून उभा पाइप झाकणाच्या वर, मग युनियन, तिच्या वर एनआरव्ही, त्याच्या वर बॉल व्हॉल्व्ह, आणि पुढे आडवी लाइन. बॉल व्हॉल्व्ह एनआरव्हीच्या पुढे का, हे ज्याने एकदा विनाव्हॉल्व्हची लाइन सोडली आहे त्याला विचारावे लागत नाही. एनआरव्हीने अडवलेले सगळे पाणी तो काढताच अंगावर येते, आणि सांडपाण्याच्या लाइनमध्ये ते पाणी कसले असते हे सांगायला नको. बॉल व्हॉल्व्ह बंद केला की पुढचे पाणी जागेवर राहते. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण भोकाचा घ्यावा, म्हणजे उघडा असताना पाइपच्या आतल्या व्यासाइतकीच वाट मोकळी राहते. गेट व्हॉल्व्हच्या खाचेत रेती बसते आणि गेट खालपर्यंत जात नाही, बटरफ्लाय व्हॉल्व्हची तबकडी वाटेच्या मध्यावर उभी राहून चिंध्या गोळा करते. म्हणून या दोघांना मी सम्पच्या लाइनवर जागा देत नाही. एनआरव्हीच्या दोन्ही बाजूंना युनियन लावता आल्या तर आणखी बरे. मग पंप न हलवता फक्त एनआरव्ही काढून धुता येतो.

या क्रमात एक बारीकशी गोष्ट राहते आणि तीच बहुतेक वेळा विसरली जाते. वर एनआरव्ही बंद आणि खाली पंपाच्या पोटात हवा, अशी अवस्था आली की पंप फिरतो पण पाणी उचलत नाही. खड्डा पूर्ण कोरडा होऊन परत भरला की हे होते. त्यावर उपाय म्हणजे पंपाच्या तोंडाच्या वर, एनआरव्हीच्या खाली, खड्ड्याच्या आतच पाइपला 3 मिमीचे एक भोक. पंप चालू असताना त्यातून पाण्याची बारीक धार खड्ड्यातच पडते, तिच्याकडे पाहून कोणी गळती समजून एमसील लावू नये. काही पंपांच्या अंगातच अशी वाट ठेवलेली असते, त्यांना वेगळे भोक नको. पंपाबरोबर आलेला कागद आधी वाचावा.

इथवरचे सगळे कुठल्याही गावाला लागू पडेल. अकलोलीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे गरम पाणी. नदी चढली की काठावरची कुंडे पाण्याखाली जातात, आणि पूर ओसरला की त्यांत गाळ राहतो. तो काढायचा तर आधी पाणी उपसावे लागते, आणि झरा तर खालून वाहतच असतो. आयएस 4985 च्या पाइपाचा दाब 27 अंश सेल्सियस तापमानाला धरून दिलेला असतो. तापमान चढेल तशी त्याची ताकद उतरते आणि 45 अंशांच्या वर तो वापरूच नये. तिथे सीपीव्हीसी घ्यावा, तो गरम पाण्यासाठीच बनवलेला आहे आणि त्याचे मानक आयएस 15778 आहे. त्याचे सोल्युशन वेगळे असते, पीव्हीसीचे सोल्युशन त्याला चालत नाही. झऱ्याच्या पाण्यात क्षारही असतात. आटे, रिंगा आणि एनआरव्हीच्या पाकळीवर पांढरा थर बसतो, तेव्हा साफसफाई इतर ठिकाणांपेक्षा लवकर करावी लागते. आणि पंपाच्या माहितीपत्रकात पाण्याचे कमाल तापमान दिलेले असते, ते पाहिल्याशिवाय साधा सबमर्सिबल गरम कुंडात सोडू नये. तो भोवतालच्या पाण्यानेच थंड होतो, आणि ते पाणीच गरम असले तर त्याला थंड करणारे काही उरत नाही.

दुरुस्तीचा विचार आधी करण्याची ही रीत नवी नाही, आणि तिचा मोठा नमुना याच तानसेवर आहे. नदीच्या वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, 1892 मध्ये तानसा धरण पूर्ण झाले आणि तिथले पाणी मुंबईकडे जाऊ लागले. अशा मुख्य जलवाहिनीवर ठरावीक अंतरावर बंद करायचे व्हॉल्व्ह असतात, चढाच्या माथ्यावर हवा सोडणारे व्हॉल्व्ह असतात आणि सखल जागी लाइन रिकामी करायचे स्काउर व्हॉल्व्ह असतात. एक भाग दुरुस्त करायचा असला तर तेवढाच बंद करतात, रिकामा करतात, काम करतात आणि पुन्हा हवा काढून भरतात. आपल्या 50 मिमीच्या लाइनवरचा बॉल व्हॉल्व्ह, 3 मिमीचे भोक आणि युनियन ही याच रचनेची धाकटी भावंडे आहेत.

मुंबईने पावसाच्या पाण्यासाठीही पंप बसवले. शहरातल्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 चा, पण त्याला खरी गती 26 जुलै 2005 नंतर आली. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला होता. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंद येथे उदंचन केंद्रे झाली. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी उलटे शहरात शिरते, ही तिथली अडचण. तानसेच्या काठावर तीच अडचण नदीच्या रूपाने येते. डिलिव्हरी लाइनचे तोंड पुराच्या पातळीखाली सोडले तर नदी चढल्यावर ती त्याच पाइपातून आवारात यायला बघते, आणि तिला अडवायला एक पाकळी तेवढी असते. म्हणून तोंड शेजाऱ्याने दाखवलेल्या सर्वांत वरच्या पुराच्या खुणेच्याही वर असावे. वर नेता येत नसेल तर एनआरव्हीच्या पुढचा बॉल व्हॉल्व्ह पुरात हाताने बंद करावा आणि पंप तेवढा वेळ थांबवावा.

सुटणाऱ्या जोडाचा आणखी एक सोपा प्रकार अमेरिकेतल्या घरांत दिसतो. न्यू जर्सीच्या अनेक घरांत तळघर असते आणि तळघराच्या कोपऱ्यात सम्प. तिथल्या लाइनवर बहुतेक ठिकाणी रबरी बाह्या असलेला एनआरव्ही असतो. दोन्ही बाजूंना स्टीलच्या क्लिपा, एका स्क्रू ड्रायव्हरने सुटणाऱ्या. आपल्याकडे तसा तयार एनआरव्ही शोधत बसायला नको. जाड होज पाइपचा वीतभर तुकडा आणि प्रत्येक टोकाला दोन-दोन स्टेनलेस होज क्लिप यांनी तसाच सुटणारा जोड होतो, आणि पंपाचा थरथराटही वरच्या लाइनपर्यंत पोचत नाही. तात्पुरत्या पंपाला, जो पावसाळ्यापुरता बसवून नंतर उचलून ठेवायचा असतो, कॅमलॉक कपलिंग आणखी सोपे. पाण्याचे टँकरवाले वापरतात तेच, दोन कानांचे. कान उघडले की सुटले, मिटले की बसले. कायमच्या दाबाखाली मात्र मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

ही पुस्तिका प्लंबरसाठी लिहिली आहे, पण लॉजच्या आणि फार्महाऊसच्या मालकांनीही ती वाचावी, कारण फिटिंगचे बिल तेच देतात आणि युनियन नको, पैसे वाचवा असे तेच सांगतात. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक फिटिंगची आकृती आणि मापे दिली आहेत. मापे मिलिमीटरमध्ये आहेत, दुकानात इंच सांगावे लागतात तिथे इंचही दिले आहेत. एका खड्ड्यात दोन पंप असतील तर काय करावे याचे वेगळे प्रकरण आहे. प्रत्येक पंपाला स्वतःचा एनआरव्ही आणि स्वतःचा बॉल व्हॉल्व्ह हवा, आणि दोन्ही लाइन त्यांच्या पुढे जोडाव्यात, नाहीतर एका पंपाचे पाणी दुसऱ्या पंपातून खड्ड्यात परत येते. विजेचे काम वायरमनचे आहे, म्हणून त्यात मी शिरलो नाही. पण विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय पंप जोडू नये आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, हे दोन नियम प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला छापले आहेत. नवी लाइन पूर्ण झाली की कामगार गेटबाहेर पडण्याआधी मालकाने त्यांच्यासमोर एकदा पंप काढून दाखवायला सांगावे, झाकणाच्या वर उभे राहून, करवत न वापरता. ही चाचणी मेअखेर, खड्डा कोरडा असताना घ्यावी.